फाइल उघडायची रीत

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार सगळे झाले असं धर, कारण पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तू हे केराच्या टोपलीकडे नेलं असशील. आधी वाच, मग फाड. फोन तू उचलत नाहीस, मेल पाठवले तर उत्तर नाही, म्हणून शेवटी पोस्टाच्या रांगेत उभा राहिलो. पत्ता तुझ्या धाकट्या बहिणीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या औषधांच्या दुकानात काउंटरला चिकटून उभा राहिलो, मागे गिऱ्हाइकं खोकत होती, तेव्हा कुठे वैतागून तिनं लिहून दिला.

काम आहे, खोटं कशाला बोलू? दुकानातला तुझा तो लाडका लिनक्सवाला कॉम्प्युटर आचके द्यायला लागला होता. म्हणून त्यावरच्या भरतकामाच्या डिझाइनच्या काही फाइली मी नव्या विंडोज लॅपटॉपवर आणल्या. दोघांना वायरीनं जोडलं, आपल्याच प्रोग्रामनं इकडून पाठवल्या, तिकडे आपल्याच प्रोग्रामनं उतरवून घेतल्या. दोन दिवसांनी जुना बसला तो बसलाच. भंगारवाल्यानं नेला.

आता मशीनवर डिझाइन लावलं की सुरुवात झकास होते. पहिलं पान नीट उमटतं. मग एकाएकी सुईच्या अंगात येतं. भलतीकडेच पळते, आडवं तिथे उभं टाके घालते. थोड्या वेळानं पुन्हा शहाण्यासारखी चालते, पण चुकीच्या जागी! आणि फाइली पूर्वीपेक्षा जराशा जाड झाल्यात. जाड व्हायला त्या काय माझ्यासारख्या बसून असतात?

गिऱ्हाइकाचं काम आहे, अडलंय. तो प्रोग्राम तू लिहिलास, तुलाच कळणार. प्रोग्राम तोच आहे, मी फक्त मधे जरा साफसूफ केला होता.

तुझा (रागावलीस तरी तुझाच) मामेभाऊ,
ढब्या


११ फेब्रुवारी

ढब्या,

वाचलं. फाडलं नाही. जपून ठेवणार आहे, कधी हसावंसं वाटलं तर उपयोगी पडेल.

अरे, तुला लाज कशी वाटत नाही? "साफसूफ केला होता" म्हणे! तीन वर्षांपूर्वी केलीस तीच ना ही साफसफाई? मी आईच्या उशाशी हॉस्पिटलात बसले होते. ती शेवटच्या घटका मोजत होती आणि तू माझ्या खुर्चीत बसून माझा प्रोग्राम साफ करत होतास. कारण काय, तर त्या मोठ्या कारखान्यात विंडोजवर चालणारी मशीनं होती आणि ताईची वाट बघत बसायला साहेबांना वेळ नव्हता. एका हॉस्पिटलच्या एप्रनांवर त्या हॉस्पिटलचं चिन्ह भरायचं होतं. भरलं काय? कोळ्यानं दारू पिऊन विणावं तसं जाळं. सगळे एप्रन परत आले.

आणि मग तू भर दुकानात, कारागिरांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, मामासमोर म्हणालास, "ताईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आजारपणात तिचं लक्ष उडालं, चुकीचा प्रोग्राम दिला." मी दारातच उभी होते. आईचे दिवस उरकून त्याच दिवशी कामावर आले होते. मी मामाकडे पाहिलं. ज्याच्या शेजारी बसून मी त्याचं एकेक डिझाइन कॉम्प्युटरवर चढवलं, ज्यानं मला टाका म्हणजे काय ते शिकवलं, त्या माझ्या मामानं मान खाली घातली. ढब्या, मला धंद्यातून काढलंस त्याचं काही नाही. माझा पेनड्राइव्हसुद्धा दारात काढून घेतलास, त्याचंही नाही. मामाची ती खाली गेलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तू केसानं गळा कापलास, आणि आता त्याच गळ्याला म्हणतोस, जरा गाऊन दाखव!

आज मी लिफ्टच्या कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रामातल्या चुका शोधते. तुझी चूक तर मला पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदातच कळली. सांगणार नाही. चोर तो चोर आणि वर शिरजोर, त्याला औषध फुकट मिळत नाही.

मामाची तब्येत कशी आहे, हे तू लिहिलं नाहीस. तेवढं मात्र कळव.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत, दोऱ्यांच्या खोक्यावर बसून वाचलं. दोनदा. कान अजून गरम आहेत.

तू लिहिलंस ते खरं आहे. मी घाबरलो होतो. एवढी मोठी ऑर्डर, समोर तो कारखानदार लालबुंद, आणि तोंडातून तुझं नाव निघून गेलं. एकदा निघालं की परत गिळता येत नाही, ताई. नंतर रोज ठरवायचो, आज सांगतो, उद्या सांगतो. याहून जास्त आत्ता लिहीत नाही. लिहायची मनाई आहे असं समज.

बाबांचे हात थरथरतात. सुईत दोरा ओवता येत नाही, पेन्सिल धरवत नाही. चिडचिड करतात, मशीनपाशी बसून राहतात. बाकी तोंड पहिल्यासारखंच.

आता पाया पडतो, त्या फाइलींचं काय करू ते सांग. त्यांची दुसरी प्रत नाही. एका डॉक्टरला दाखवल्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, तो म्हणाला, ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यालाच विचारा. मी प्रोग्रामला हात लावत नाही आता, शपथ. तू म्हणशील तसंच करीन, तू म्हणशील तेच बटण दाबीन. तुला माझा तिटकारा वाटतो हे मान्य. पण फाइलीच्या बाबतीत तू कधी चुकीचं सांगितलं नाहीस, हे मला माहीत आहे.

गिऱ्हाईक फार आतुर झालंय. तारीख जवळ आली.

ढब्या


२६ फेब्रुवारी

ढब्या,

बरं. झालं ते झालं. रक्ताचं नातं आहे, किती ताणायचं?

तुझ्या फाइलीत फालतू अक्षरं घुसलीत, म्हणून त्या जाड झाल्या. ती काढायची. लॅपटॉपवर साधा मजकुराचा एडिटर असतो ना, ज्यात आपण चिठ्ठ्या-चपाट्या लिहितो, तो घे. डिझाइनची फाइल त्यात उघड. सगळं चित्रविचित्र दिसेल, घाबरू नकोस. कशालाही हात न लावता "साधा इंग्रजी मजकूर" म्हणून त्याच नावानं सेव्ह कर. तो विचारेल, काही अक्षरं जातील, चालेल का? चालेल म्हण. जायलाच हवीत ती. अशी एकेक फाइल कर. आणि जुनी प्रत बाजूला ठेवत बसू नकोस, एका नावाच्या दोन-दोन झाल्या की मशीन गोंधळतं.

सगळ्या झाल्या की मगच मशीनला लाव.

मामाला सांग, मी आठवण काढते.

ताई


२७ फेब्रुवारी

धाकटे,

फोन केला असता, पण फोनवर तू मला मधेच गप्प करतेस आणि मला हे सगळं बोलायचंय. दार लावून बसलेय, चहा केलाय, आणि आज इतक्या दिवसांनी तो गोड लागतोय.

ढब्याचा निकाल लावला!

तुला समजेल असं सांगते. फाइल उघडायच्या दोन रीती असतात. एक मजकूर म्हणून, एक बायनरी म्हणून, म्हणजे आत जे आकडे आहेत ते जसेच्या तसे, अक्कल न चालवता. लिनक्सवर दोन्ही रीतींनी एकच होतं. विंडोजवर मात्र मजकूर म्हणून लिहायला गेलीस, की जिथे जिथे दहाचा आकडा येतो तिथे त्याला वाटतं ओळ संपली, आणि तो आपल्या मनानं आधी एक तेरा घुसवतो. चिठ्ठीत ते ठीक आहे. पण भरतकामाच्या फाइलीत दहा म्हणजे ओळ नव्हे, दहा म्हणजे सुईनं दहा पावलं सरकायचं. आकडे जोडीजोडीनं असतात, एक आडवा, एक उभा. मधे तेरा घुसला की जोड्या मोडल्या, आडवं ते उभं झालं. पुढे आणखी एक तेरा घुसला की जोड्या पुन्हा जुळतात, पण तोवर सुई भलत्या गावाला पोचलेली. मी प्रोग्राम लिहिताना "बायनरी" असं स्पष्ट सांगितलं होतं, एका अक्षराचं काम. या दीडशहाण्यानं ते काढून टाकलं, कारण दुकानातल्या लिनक्सवर त्यावाचून काही अडत नव्हतं! एप्रनांचा सत्यानाश त्यानंच झाला, आणि गाढवानं त्याच प्रोग्रामनं आता पुन्हा तेच केलंय.

मजा काय आहे माहितीये? हे दुखणं पूर्ण बरं होतं. घुसलेला प्रत्येक तेरा दहाच्या आधीच बसलेला असतो. प्रत्येक दहाच्या आधीचा एक तेरा काढला, की फाइल होती तशी, एका टाक्याचा फरक नाही. मला चहा निवायच्या आत जमलं असतं.

पण मी त्याला काय सांगितलं? साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये उघड आणि सेव्ह कर! अगं, डावीकडे आणि खाली जायचे आकडे मोठे असतात, साध्या मजकुरात बसत नाहीत. तो एडिटर त्या प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतो. कुठलं चिन्ह कुठल्या आकड्याचं होतं, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आता त्याची सुई फक्त उजवीकडे आणि वर पळेल, चौकटीवर आपटेपर्यंत. प्रतही ठेवू नको म्हटलंय. बसू दे त्याला गिऱ्हाइकाच्या दारात, खाली मान घालून. एकदा त्यालाही कळू दे, भर दुकानात सगळे आपल्याकडे बघत असले की कसं वाटतं.

तू म्हणशील, ताई, तू अशी नव्हतीस. नव्हतेच. मला अशी त्यानं केली. मी त्या दारातून बाहेर पडले तेव्हा कुणी आडवं आलं होतं का? मला वाईट वाटत नाहीये, धाकटे. खरंच नाही. मी आज गाणं गुणगुणत भांडी घासली.

तुझी,
ताई


३ मार्च

ताई,

तुझं पत्र आत्ता दुकानात मिळालं. तुझा फोन बंद येतोय, तुमच्या त्या लिफ्टच्या तळघरात रेंज नसेल. हे कुरिअरनं पाठवतेय.

ती गिऱ्हाइकाची ऑर्डर नाहीये. त्या फाइली मामाच्या आहेत. तू त्याच्या शेजारी बसून चढवलेल्या, त्याच सगळ्या.

तुला सांगायचं नव्हतं, मामानं आम्हा दोघांना शपथ घातली होती. डिसेंबरात ढब्यानं मामाला सगळं सांगितलं. एप्रनाची चूक त्याची होती, तुझा प्रोग्राम बरोबर होता, तू दारात उभी असताना तो खोटं बोलला, सगळं. मी तिथेच होते. मामानं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "मी पोरीचं ऐकून न घेता मान खाली घातली. ती मान वर करायला मला तिच्याकडे जायला हवं." रिकाम्या हातानं जाणार नाही म्हणाला. एक मोठा पलंगपोस करायचाय, त्यावर त्याचं प्रत्येक डिझाइन, आयुष्यभरातलं, तुझ्यासाठी. हात चालत नाहीत म्हणून मशीनवर, पण दोरा प्रत्येक त्यानंच निवडलाय. तो घेऊन तुझ्या वाढदिवसाला तुझ्या घरी येऊन माफी मागायची. ते आतुर झालेलं गिऱ्हाईक म्हणजे मामा, ताई.

आणि कागद नाहीत गं. कापडावर नक्षी उतरवायचे त्याचे खाके टोचून टोचून, पावडर घासून घासून कधीच फाटले. तूच म्हणाली होतीस ना त्याला, टाक आता ते, मशीनमध्ये सगळं आलंय?

मी ढब्याकडे जाऊन आले, दुकानाला कुलूप आहे, फोनही कुणी उचलत नाही. तो मामाला परगावी डॉक्टरकडे घेऊन गेलाय म्हणे, परवा येणार. काहीतरी कर.

धाकटी


४ मार्च

ढब्या,

त्या फाइलींना हात लावू नकोस. मी लिहिलं ते करू नकोस. ते खोटं होतं, मी मुद्दाम खोटं लिहिलं. एडिटरमध्ये एकही उघडू नकोस. उघडली असलीस तर सेव्ह न करता बंद कर.

सकाळपासून फोन लावतेय. तू उचलत नाहीस, मामा उचलत नाही. शेवटी हे पत्र धाकटीचं पत्र आणणाऱ्या कुरिअरवाल्याच्याच हाती देतेय, त्याला सांगितलंय की जीवन-मरणाचा प्रश्न आहे.

खरा उपाय असा. प्रत्येक दहाच्या आधी घुसलेला तेरा काढायचा, बस. मी करते, तू काही करू नकोस. लॅपटॉप आहे तसा ठेव, मी नऊ तारखेच्या गाडीनं येते, त्याआधीचं तिकीट मिळत नाही. मला आधी का नाही सांगितलंस रे? एक शब्द लिहिला असतास, "बाबांच्या आहेत" एवढाच. शपथ कसली पाळतोस, तू कधीपासून शपथा पाळायला लागलास?

काही केलेलं नसू दे. ढब्या, नेहमीसारखा आळशीपणा केला असशील ना तू?

ताई


६ मार्च

ताई,

गाडी रद्द कर. येऊ नकोस.

आळशीपणा केला नाही. एक तारखेला तुझं पत्र आलं आणि मी त्याच दुपारी बसलो. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. एकेका फाइलीचं नाव वाचलं की सांगायचे, हे तुझ्या आईच्या शालीसाठी काढलं होतं, हे पोरीला पहिल्यांदा शिकवलं होतं. एडिटरनं प्रत्येक वेळी विचारलं, अक्षरं जातील, चालेल का? मी एकदा थांबलो सुद्धा. बाबांना म्हणालो, हा फार विचारतोय हो. बाबा म्हणाले, "पोरीनं सांगितलंय ना? मग दाब."

सगळ्या झाल्या. काल मशीनला लावल्या. पांढरंशुभ्र कापड, बाबांनी स्वतः आणलेलं. सुई उजवीकडे वर पळाली आणि चौकटीवर आपटून तुटली. दुसरी लावली, दुसरी तुटली. तिसऱ्या वेळी बाबांनीच मशीन बंद केलं.

तेवढ्यात कुरिअरवाला तुझं पत्र घेऊन दारात. मी ते मागच्या खोलीत जाऊन वाचलं. खरं सांगतो, त्या क्षणी तू समोर असतीस तर काय केलं असतं सांगता येत नाही. बाहेर आलो, बाबांनी विचारलं, "पोरीचं पत्र आहे का? काय म्हणते, कुठे चुकलं?" पत्र माझ्या खिशात होतं. नुसतं पुढे करायचं होतं.

मी म्हणालो, ताईनं बरोबरच लिहिलं होतं, मीच घाईत उलटं वाचलं. चूक माझी.

ताई, ते काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. थरथरत्या हातानं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला मारलं. मग म्हणाले, "पुन्हा तूच. आधी तिचं नाव बुडवलंस आणि आता माझं काम. तिच्या जागी तू आत्याच्या उशाशी बसायला हवं होतंस आणि ती इथे."

तुला वाटेल, ढब्या मोठ्या मनाचा निघाला, जुनं फेडलं. तसलं काही मनात आणू नकोस. मी हे सूड म्हणून केलंय. मी खोटं बोललो ते तीन वर्षं माझ्या उरावर होतं. ते काय असतं मला ठाऊक आहे, म्हणूनच ते तुला दिलं. मी शेवटी सांगून मोकळा झालो. तुला तेही करता येणार नाही. आता तू खरं बोललीस, तर त्यांच्याकडे जी एक गोष्ट शाबूत उरलीय तीही जाईल, आणि ती गोष्ट म्हणजे तू. तुझी पत्रं मी जाळलीयत, धाकटीकडचंही. पुरावा उरलाय तो एवढं हे पत्र, तेही वाचून जाळ.

धाकटीला मी सांगितलंय, ती तोंड उघडणार नाही.

बाबा रविवारी तुझ्याकडे येतायत. पलंगपोस नाही, तरी येतायत. तुझ्यासमोर हात जोडणार आहेत, मी अडवून पाहिलं, ऐकत नाहीत. त्यांना खुर्ची दे, पाणी दे. माफी मागतील ती घे. आणि मला शिव्या द्यायला लागले की नुसती मान हलव.

ढब्या